तव्याला कान देणारे भाऊ

भाऊ धिरड्याकडे बघत नसत, ते धिरडं ऐकत.

बिडाचा तवा तापला, पीठ पडलं, वर झाकण बसलं की ते कमरेत किंचित वाकून, डोळे मिटून, उजवा कान स्टोव्हच्या दिशेला करून उभे राहत. धोतराचा सोगा वर खोचलेला, खांद्यावर पंचा, हातात उलथनं. अशा वेळी कोणी तोंड उघडलंच तर ते उलथनं हवेत वर जाई.

“थांबा जरा. ते बोलतंय.”

“कोण बोलतंय?” लग्न होऊन आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी विचारलं होतं.

“धिरडं. तुमच्याआधी त्याचा नंबर आहे.”

सासऱ्यांशी माझं झालेलं हे पहिलं संभाषण. त्याआधी नुसतेच नमस्कार झाले होते.

त्या सकाळी मी दचकून जागी झाले ती स्वयंपाकघरातल्या चर्र आवाजानं. आईनं लग्नाआधी महिनाभर घोकून घेतलं होतं की, सून सासऱ्यांच्या आधी उठते. मी अंबाडा बांधत धावले, तर सासरे स्टोव्हपुढे. मी वयानं वीस आणि अकलेनं त्याहून लहान. मला वाटलं, आता माहेरी चिठ्ठी जाणार. मी सरळ त्यांच्या हातातलं उलथनं धरलं. त्यांनी ते सोडलं नाही. दोघं दोन बाजूंनी उलथनं ओढतोय, असं एक क्षण चित्र होतं.

“सूनबाई,” ते म्हणाले, “आपण बसा. या घरात उलथनं एकच आहे आणि ते रविवारी रिकामं नसतं.”

ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी नंतर विचारलं की हा काय प्रकार. सासूबाई गेल्या तेव्हा हे मॅट्रिकला होते. भाऊ टपाल खात्यात, तेही रेल्वेच्या डब्यात उभं राहून पत्रांची वर्गवारी करणारे. धावत्या गाडीत, हलत्या दिव्याखाली, समोरच्या शंभरेक खणांपैकी नेमक्या खणात पत्र टाकायचं. बायको गेल्यावर बापलेकांचा आठवडा खानावळीच्या डब्यावर निघायचा, पण रविवारी सकाळी भाऊ धिरडी घालायचे. त्यांना स्वयंपाकातलं तेवढंच येत होतं. सासूबाई आजारी असताना अंथरुणावरून सांगत गेल्या आणि भाऊ तव्याजवळ उभं राहून करत गेले. सासूबाईंना तवा दिसत नसे, त्या आवाजावरून सांगत, “आता उलथा.” तिथून भाऊंना ती ऐकायची सवय लागली.

हे सगळं ह्यांनी मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तरीही मी पुढे जे केलं ते केलं. भाऊंची रविवारची सकाळ मी त्यांच्याकडून कशी काढून घेतली, तेच सांगायला बसले आहे. हसू येईल तिथं हसा, मीही हसणार आहे, कारण तेव्हाची मी खरोखर हसण्यासारखीच होते.

आमचं घर सदाशिव पेठेतल्या एका नव्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, अडीच खोल्यांचं. स्वयंपाकघराला ओटा होता, त्याचा मला कोण अभिमान! गॅस अजून आला नव्हता, पंप मारायचा स्टोव्ह होता. आणि ओट्यावरच्या फळीवर भाऊंचे पिठांचे डबे होते. हे डबे म्हणजे माझ्या संसाराला लागलेलं गालबोटच. एक बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, एका कोपऱ्यात चेपलेला, त्यात ज्वारीचं पीठ. एक पितळी, कडी निसटलेला, त्यात गव्हाचं. नाचणीचं पीठ एका उंच डब्यात, ज्याचं झाकण मूळ त्याचं नव्हतंच. तांदळाची पिठी एका बुटक्या बरणीत. कुणाचा कुणाशी काही संबंध नाही. धर्मशाळेत माणसं उतरतात, तसे ते डबे फळीवर उतरलेले.

धिरड्याचं पीठ भाऊ स्वतः गिरणीतून आणत. चाळणी मात्र त्यांना वर्ज्य. मी एकदा हौसेनं सगळी पिठं बारीक चाळून ठेवली. एका मासिकात वाचलं होतं की, सुसंस्कृत घरात पीठ चाळलेलं असतं. त्या मासिकावर माझी गीतेहून जास्त श्रद्धा होती. त्या रविवारी मी हट्टानं स्वतः धिरडी घातली. पहिलं तव्याला बसलं ते उठेना. खरवडून काढलं, तेव्हा त्याचा चिवडा झाला. दुसऱ्याचंही तेच. भाऊंनी ताटलीतला तो चिवडा बोटानं इकडेतिकडे केला.

“कोंडा कुठं गेला?”

“चाळून टाकला. पांढरं शुभ्र झालंय बघा पीठ.”

“कोंडा टाकायचाच होता, तर धान्य कशाला दळलं? मैदा आणायचा, खळ करायची आणि लग्नाच्या पत्रिका चिकटवायच्या.” मग जरा थांबून, “मी आता काय खाऊ? तवा की उलथनं?”

मी रडले. ह्यांनी समजूत काढली, भाऊंनी नाही. त्यांनी फक्त पुढच्या रविवारी मला तव्याजवळ उभं केलं. वांग्याच्या देठानं तव्याला तेल पुसलं, वाटीनं पीठ ओतलं आणि झाकण ठेवलं. “ऐक. आता ओरडतंय. आता कुरकुरतंय.” बराच वेळ ते थांबले. मला तर सगळं सारखंच ऐकू येत होतं. “आता गप्प झालं. गप्प झालं की उलथायचं. आधी हात लावलास, तर त्याला राग येतो.” धिरडं अलगद सुटलं, खालून तांबूस, जाळीदार, कडा कुरकुरीत. त्यात ज्वारी, गहू, नाचणी, मूठभर तांदळाची पिठी, ओवा, लसूण आणि भरपूर कोथिंबीर. माझी नात आता याला पॅनकेक म्हणते आणि शोध आपणच लावल्यासारखी मला शिकवते. मी ऐकून घेते. तिच्या वयात मीही सासऱ्यांना शिकवत होतेच की.

तेल पुसायला लागणारं वांग्याचं देठ ही शनिवारची मोहीम असे. भाऊ मंडईत जात आणि लोणी काळभोरहून येणाऱ्या एका माळणीकडून वांगी घेत. एकदा मी बरोबर होते. भाऊ वांगी उचलत, देठ दाबून बघत आणि परत ठेवत.

“भाऊ, वांगं बघा की! देठ काय बघतायसा?” माळीणबाई म्हणाली.

“वांगं सगळेच बघतात. देठाकडे कोणी बघायचं?”

“मंग देठंच देऊ का निवडून? वांगी ऱ्हाऊ द्या मला.”

“द्या. पण भाव वांग्याचा लावू नका.”

ती इतकी हसली की, शेजारची बाई विचारायला लागली. भाऊ कुणाला हसवायला बोलत नसत आणि स्वतः तर कधीच हसत नसत. समोरच्यानं हसावं, रडावं की घरी जावं, हे त्याच्यावर सोपवलेलं असे.

आमच्या नीलूचा जन्म झाला, ती चालायला लागली, शाळेत जायला लागली. तिच्या पाचव्या-सहाव्या वर्षाच्या सुमारास भाऊंच्या काही सवयी बदलल्या. आज त्या सगळ्या ओळीनं डोळ्यांपुढे येतात. तेव्हा त्या एकेकट्या आल्या आणि प्रत्येकीला मी एकेक मूर्ख कारण शोधून ठेवलं.

ते नीलूला रोजचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावत. मी म्हणायचे, उच्चार सुधारावेत म्हणून. संध्याकाळी खोलीत दिवा न लावता बसत. मी म्हणायचे, चिक्कूपणा. चहा गाळताना कपात बोट धरत. मी नाक मुरडायचे. जिन्यात उजवा हात भिंतीवरून सरकवत उतरत. मी म्हणायचे, नव्या रंगाला हाताचे डाग पडतात आणि तसं एकदा बोललेही. दुसऱ्या दिवसापासून ते कठड्याच्या बाजूनं उतरायला लागले.

मंडईतली माळीण एकदा मला एकटीला बघून म्हणाली, “बाई, भाऊ हल्ली पाऊल चाचपून टाकत्यात. नजर गेलीया का काय त्यांची?”

मी तिलाच सुनावलं. “काहीतरीच! परवाच आमच्याकडे धिरडी घातली त्यांनी, एकही करपलं नाही.” माझ्या दृष्टीनं हा बिनतोड पुरावा होता.

आणि मग बोहारीण आली.

जुने कपडे घ्यायचे आणि स्टीलची भांडी द्यायची, हा तिचा धंदा. दुपारी तिची हाक आली की, आमच्या इमारतीतल्या सगळ्या बायकांच्या कपाटांची दारं एकदम उघडायची. माझ्या मनात तेव्हा एकसारख्या बारा डब्यांचं खूळ होतं. तळमजल्यावरच्या बाईंकडे तसे आठ होते. मला बारा हवेत! दोन जरीच्या साड्या, ह्यांचा लग्नातला सूट आणि भाऊंचा खाकी कोट, एवढं देऊन मी बारा डबे मिळवले. सगळे एका मापाचे, एका झाकणाचे, चेहरा दिसेल असे चकचकीत. माझ्याच बारा तोंडांकडे मी कौतुकानं बघत बसले. भाऊंचे जुने डबे त्याच दुपारी भंगारवाल्याला गेले.

डब्यांत भरायला जिन्नस निघाले अकराच. पण बारापैकी एक रिकामा ठेवायचा, हे मला पटेना. म्हणून बाराव्यात रांगोळी भरली. प्रत्येकावर कागदाची पट्टी चिकटवली आणि हिरव्या शाईनं सुरेख अक्षरात नावं लिहिली. अक्षर खरंच सुरेख होतं हो, शाळेत बक्षीस मिळालं होतं मला.

भाऊ आले. फळीवर हात फिरवला. एका डब्यावरून दुसऱ्यावर, शेवटपर्यंत आणि परत.

“सैन्य उभं केलंस,” ते म्हणाले.

“छान दिसतंय ना?”

“सगळे सारखे झाले.”

मी ते कौतुक समजले.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन डबे एकेक करून उघडायला लागले. वास घ्यायचे, चिमूट चोळायचे, झाकण लावायचे. मला वाटलं, पिठाला कीड लागली का ते बघतात, म्हणजे माझ्या कामावर देखरेख. ते डब्यांची जागा पाठ करत होते. डावीकडून पहिला गहू, दुसरा ज्वारी, तिसरा नाचणी, चौथा तांदळाची पिठी. त्यांचं सगळं आयुष्य कुठला खण कुठं हे पाठ करण्यात गेलेलं. चार दिवसांत त्यांना फळी पाठ झाली. पुढचे रविवार सुरळीत गेले.

मग एका रविवारी ह्यांचे साहेब आणि त्यांच्या पत्नी न्याहारीला यायचे होते. ह्यांनी कचेरीत वडिलांच्या धिरड्यांची फुशारकी मारली होती. शनिवारी मी घर घासूनपुसून लख्ख केलं. डबेही खाली काढले, पुसले आणि परत फळीवर मांडले. कुठला कुठं ते बघितलं नाही. सगळ्यांवर नावं होती ना!

रविवारी भाऊ पहाटेच उठले होते. पाहुणे आल्यावर त्यांची जरा गडबड झाली आणि डबे त्यांनी वास न घेता, नुसत्या जागेवरून काढले. साहेबांच्या पत्नी स्वयंपाकघरात डोकावून गेल्या, “अगबाई, पुरुष माणूस धिरडी घालतोय!” भाऊ म्हणाले, “हो. धिरड्याला अजून कळलेलं नाही.” बाहेर हशा पिकला. सगळं छान चाललं होतं.

पहिली दोन धिरडी बाहेर गेली. साहेबांनी घास घेतला. मी समोरच उभी होते. त्यांचा जबडा एकदा हलला आणि थांबला. मग पुन्हा अगदी सावकाश हलला. बाईंनी घास घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं. दोघंही शिष्टाचार पाळत होते. आमच्या नीलूला शिष्टाचार नव्हता.

“आई, यात वाळू आहे.”

मी आत धावले. पिठाचं बोट चाटलं. दाताखाली करकर. फळीवरचा चौथा डबा उघडला आणि पायाखालची फरशी सरकली. डबा तसाच हातात घेऊन मी बाहेर आले. भाऊ माझ्यामागून उलथनं घेऊन दारात आले होते.

आणि मी पाहुण्यांदेखत ओरडले, “अहो भाऊ, रांगोळी घातलीत तुम्ही! तांदळाची पिठी नव्हे ही! एवढं मोठं लिहिलंय डब्यावर, दिसत नाही का तुम्हाला?”

भाऊंनी क्षणभर मान खाली घातली. मग माझा आवाज आला त्या दिशेला चेहरा केला. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या जरा पलीकडे.

“नाही,” ते म्हणाले.

एवढंच. आत तव्यावर एक धिरडं होतं. ते ओरडून झालं, कुरकुरून झालं आणि गप्प झालं. मला ते पहिल्यांदाच नीट ऐकू आलं.

त्या दिवशी संध्याकाळी भाऊंनी मला विचारलं, “डबे हलले होते का गं?”

“हो. पुसायला काढले होते.”

“बरं केलंस. स्वच्छता हवी.”

त्या प्रकाराबद्दल यापेक्षा अधिक ते मला कधीही बोलले नाहीत.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदू होता. एका डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं, दुसऱ्यानं उजेड आणि अंधार तेवढा कळत होता. गेलेली नजर परत येणार नव्हती. घरी आल्यावर भाऊंनी ट्रंकेच्या तळातून एक घडी घातलेला कागद काढून ह्यांच्या हातात दिला. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यांना हेच सांगितलं होतं.

“चार वर्षं, भाऊ!” ह्यांचा आवाज चिरकला. “आम्हाला सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंत?”

“काळजी घेतली असती.”

“म्हणूनच,” भाऊ म्हणाले.

आणि आम्ही काळजी घेतली. ह्यांनी सांगून टाकलं, “आता स्टोव्हजवळ जायचं नाही. भडका उडाला, धोतर पेटलं, म्हणजे काय करायचं?” सगळं खरं होतं. धोतरं पेटल्याच्या गोष्टी आम्हीही ऐकल्या होत्या. भाऊ म्हणाले, “बरं.” मीही मान डोलावली. आता लपवून काय करू? मला मनातून जरा बरंच वाटलं. स्वयंपाकघर पहिल्यांदा सगळंच्या सगळं माझं झालं होतं.

पुढच्या रविवारी मी धिरडी घातली. भाऊ बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. ताटली हातात दिली. त्यांनी तुकडा मोडला, खाल्ला.

“छान झालंय.”

भाऊंच्या तोंडून “छान”! मी हुरळून गेले. शेजारी दोन घरी सांगून आले की, भाऊंनी आज चक्क माझी तारीफ केली. त्यानंतरच्या रविवारीही छान. त्याच्या पुढच्याही. एकदा कड कच्ची राहिली होती, तरी छान. एकदा ओवा जास्त पडला, नीलूनं ताटली सरकवली, भाऊंना छान लागलं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोही अर्धवट, म्हणून मी परीक्षा घ्यायची ठरवली. एका रविवारी पिठात मीठ घातलंच नाही. ताटली नेऊन दिली आणि समोर बसले. त्यांनी सगळं धिरडं खाल्लं, सावकाश.

“कसं झालंय?”

“छान झालंय, सूनबाई.”

मी ताटली उचलली आणि आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. टोमणा मारायला घरात माणसाची काहीतरी जागा लागते. आम्ही ती काढून घेतली होती, आणि मिळेल ते गोड मानून खाणारा एक पाहुणा बाहेरच्या खुर्चीत बसवला होता.

पाहुणाच. कारण आता ते प्रत्येक गोष्ट विचारत. “आत येऊ का?” “माठातलं पाणी घेऊ का?” “दार लावलंय का गं?” चार वर्षं जो माणूस न बघता पाण्याचा माठ, दाराची कडी, पेटीतला सदरा बरोबर शोधायचा, तो आता खुर्चीतून उठायच्या आधी हाक मारायचा. आम्हीच सांगितलं होतं तसं. “भाऊ, हाक मारा हं, एकटे उठू नका.” नीलूसुद्धा मोठ्या बाईसारखी म्हणायची, “भाऊआजोबा, विचारल्याशिवाय जायचं नाही.”

त्या हिवाळ्यात कचेरीतल्या एका मित्रानं ह्यांना लोणी काळभोरजवळच्या त्याच्या शेतावर हुरड्याला बोलावलं. हे नीलूला घेऊन दिवसभरासाठी गेले. मी थंडी वाजतेय म्हणून घरी राहिले. मला अजिबात थंडी वाजत नव्हती.

आदल्या दोन दिवसांत मी डब्यांना खुणा केल्या होत्या. ज्वारीच्या डब्याला सुतळी बांधली. गव्हाच्या डब्याला रबर. नाचणीच्या डब्याला जुन्या पोलक्याचं बटण दोऱ्यात ओवून. तांदळाच्या पिठीला लोकरीचा धागा. रांगोळी उचलून गॅलरीत नेऊन ठेवली, जिथं ती पहिल्यापासून असायला हवी होती.

“भाऊ, चला. आज तुम्ही घालायची धिरडी.”

ते हलले नाहीत. “त्यानं नको म्हटलंय.”

“ते हुरडा खातायत. मी आहे ना.”

ते आत आले. मी त्यांचा हात फळीवर ठेवला. बोटं सुतळीवर थांबली, रबरापाशी गेली, बटण चाचपलं.

“हे कुणी केलं?”

“मी.”

“पुन्हा नावं घातलीस.”

“हो. या खेपेला तुम्हाला वाचता येतील अशी.”

त्यांनी सोगा खोचला. एवढ्यानं मला रडू आलं. मी त्याचा आवाज होऊ दिला नाही.

पीठ त्यांनी अप्रतिम भिजवलं. हात काही विसरले नव्हते. पाणी किती, ते मुठीतून पीठ ओघळू देऊन ठरवलं. मी तव्याला तेल पुसलं, त्यांनी वाटी फिरवून पीठ ओतलं, गोल, नेमकं. झाकण ठेवलं. वाकले. कान तव्याकडे. मी खिडकी लावून घेतली होती, शेजारचा रेडिओ ऐकू येऊ नये म्हणून. घरात दुसरा आवाज नव्हता.

धिरडं ओरडलं. मग कुरकुरलं. मग गप्प झालं. मला स्वच्छ कळलं की गप्प झालं. मी भाऊंकडे बघत होते.

उलथनं त्यांच्या हातात तसंच होतं.

“झालं का गं?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच सांगा, भाऊ.”

ते अजून खाली वाकले. झाकणाच्या बाजूनं धूर यायला लागला. तो वास मला येत होता, त्यांनाही येतच असणार. पण ते थांबले होते. मी हो म्हणेन, याची ते वाट बघत होते.

“सांग ना. झालं का?”

“झालं,” मी म्हणाले.

धिरडं उलथलं, ते खालून काळं. त्यांनी तव्यावरून त्याचा वास घेतला, मग उलथनं उलटं धरून त्याचा दांडा माझ्या हातात दिला.

“मला ऐकू आलं होतं,” ते म्हणाले. “गप्प झालं तेव्हाच आलं होतं. पण सहा महिने सगळं विचारून केलंय. आता विचारल्याशिवाय हात उचलत नाही.”

उरलेली धिरडी मी घातली. ते पाटावर बसून राहिले, आत, माझ्याजवळ, बाहेरच्या खुर्चीत नाही. आणि काळं झालेलं ते पहिलं धिरडं त्यांनी मागून घेतलं. मी म्हटलं, टाकून देते. तर म्हणाले, “तुझी सगळी खाल्ली की नाही मी तक्रार न करता? मग माझंही खाऊ दे.” एक घास खाऊन म्हणाले, “अगदी वाईट झालंय.” सहा महिन्यांत इतका रास्त अभिप्राय त्यांनी कशावरही दिला नव्हता.

संध्याकाळी हे परतले. दारातच थबकले. “करपल्याचा वास येतोय. काय झालं?”

“माझं धिरडं करपलं,” मी म्हणाले.

“तिचं नाही,” बाहेरच्या खुर्चीतून भाऊ म्हणाले, “माझं.”

हे काही रागावले नाहीत. रागावले असते, तर बरं झालं असतं. ते भाऊंच्या शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि लहान मुलाला समजवावं तशा मऊ आवाजात म्हणाले, “भाऊ, पुन्हा असं करायचं नाही हं. मला वचन द्या.”

“नाही करणार,” भाऊ म्हणाले.

मी आतल्या दारात उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं मी. माझ्या जिभेला कधी हाड नव्हतं, पाहुण्यांदेखत सासऱ्यांवर ओरडताना ती अडखळली नव्हती. त्या संध्याकाळी मात्र मी पदरानं हात पुसत उभी राहिले. वाटलं, आठवड्यानं बोलू. ह्यांना हळूच पटवू. विचारायची सवय बसायला सहा महिने लागले, ती सुटायला चार रविवार लागतील, पण पुन्हा जमेल त्यांना. मी नुसती हिशेब करत राहिले, रविवार जात राहिले. मी बोलावलं की ते म्हणत, “वचन दिलंय ना.”

फाल्गुनात त्यांना साधा ताप आला. तीन दिवस राहिला. चौथ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, मी पेज घेऊन गेले, तर ते गेलेले होते. विचारायला कोणी जवळ नव्हतं, तेवढं एक ते न विचारता करून गेले.

पुढचे दहा-बारा दिवस भेटायला माणसं येत होती. ह्यांचे साहेब आले, त्यांच्या पत्नी आल्या, इमारतीतल्या सगळ्या बायका आल्या. मी सतरंजीच्या कडेला बसून असायचे. प्रत्येक जण भाऊंच्या आंधळेपणाची हळहळ करायचा आणि मग माझ्याकडे वळायचा.

“पण तुम्ही किती केलंत हो त्यांचं,” साहेबांच्या पत्नी माझा हात दाबून म्हणाल्या. “असं सुख सगळ्यांच्या नशिबी नसतं. शेवटपर्यंत त्यांना कशाला म्हणून हात लावू दिला नाहीत.”

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. आणि मी, आता या वयात खोटं कशाला बोलू, खाली मान घालून ते कौतुक ठेवून घेतलं.